देऱ्याहून आलेलं बक्षीस

2024 च्या रमजानमध्ये आम्ही भाईजानकडे दुबईला गेलो होतो. देऱ्याची वस्ती, खाली नाइफचा बाजार. असरनंतर एक दिरहम देऊन आब्र्यात बसायचं, खाडी ओलांडून बर दुबईला जायचं आणि इफ्तारपूर्वी परतायचं. नावेत कधी रत्नागिरीची बोली कानावर यायची, कधी महाडची. परदेश वाटायचाच नाही.

वस्तीतल्या कोकणी मंडळींनी मुलांची किरअतची स्पर्धा ठेवली होती. आमचा धाकटा पहिला आला, अल्हम्दुलिल्लाह! बक्षीस होतं एक टीव्ही. आनंदात आम्ही खोका घरी आणला आणि तिथूनच काळजी सुरू झाली. हा मुंबईला न्यायचा कसा?

भाईजान म्हणाले, "बक्षीस आहे, विकत थोडंच घेतलंय? हिरव्या रांगेतून सरळ बाहेर पडा."

धाकटा ऐकत होता. त्याने विचारलं, "अब्बा, हिरवी रांग कुणाची असते?" "ज्याच्याकडे कर भरण्यासारखं काही नाही त्याची," आम्ही सांगितलं. बोलून गेलो आणि आमचं आम्हालाच उत्तर मिळालं.

मुंबईला उतरल्यावर आम्ही लाल रांगेत उभे राहिलो. अधिकाऱ्यांनी शांतपणे समजावलं. तुम्ही किती पैसे मोजले हा प्रश्न नाही, वस्तूची किंमत किती हा आहे. तेव्हा 50,000 रुपयांपर्यंतच्या सामानाला सूट होती, पण सपाट पडद्याचा टीव्ही तिच्यात धरत नसत. कर 35 टक्के, त्यावर अधिभार, मिळून साडेअडतीस. किंमत 26,000 धरली, कर झाला 10,010 रुपये. ईदच्या कपड्यांसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले.

हा प्रश्न मोठमोठ्यांनाही पडला आहे. 1985 मध्ये मेलबर्नला रवी शास्त्रींनी ऑडी गाडी जिंकली, तेव्हा सरकारने कर माफ केला. पुढे सचिन तेंडुलकरांना भेट मिळालेल्या फेरारीवरचा एक कोटीहून अधिक कर 2003 मध्ये माफ झाला, तेव्हा मात्र टीका झाली. सामान्य माणूस भरतो, मग यांना माफी का? शेवटी तो कर गाडीच्या कंपनीने भरला.

विमानतळावरच हिशेब संपतो असंही नाही. नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटी 50,000 च्या वर गेल्या की आयकर लागू शकतो. हे नियम बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी ताजे दर पाहून घ्यावेत, बक्षिसाचं पत्र आणि किमतीची पावती जवळ ठेवावी.

त्या ईदला मुलांनी गेल्या वर्षीचेच कपडे घातले. शेजारी टीव्ही पाहायला आले. "बक्षीस फुकट मिळालं वाटतं?" एकाने विचारलं. आम्ही काही बोलण्याआधी धाकट्याने खणातून कराची पावती काढून दाखवली. ती त्याने प्रमाणपत्राबरोबरच जपून ठेवली होती.