चौथा डाव

बंगळूरात हयात घालवलेल्या मराठी क्रिकेटवेड्याजवळ संघ जोखण्याचे माप एकच : मार्च १९८७, चिन्नास्वामी मैदान. हातभर वळणाऱ्या चेंडूंपुढे, पाकिस्तानविरुद्ध, चौथ्या डावात सुनील गावसकरांनी काढलेल्या ९६ धावा. तो त्यांचा अखेरचा कसोटी डाव. भारत १६ धावांनी हरला. पण ती हार तो आजही दागिन्यासारखी जपतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच मैदानावर न्यूझीलंडने भारताला ४६ धावांत गुंडाळले. मायदेशातील ही भारताची नीचांकी धावसंख्या. लोक संतापले; तो फारसा ढळला नाही. ढगाळ हवेत, ओलसर खेळपट्टीवर भल्याभल्यांची त्रेधा उडते. शिवाय दुसऱ्या डावात ४६२ झाल्याच होत्या.

खरा चटका बसला तो नोव्हेंबरात, वानखेडेवर, गावसकरांच्याच गावी. पुन्हा चौथा डाव, पुन्हा फिरकी, आणि जिंकायला अवघ्या १४७ धावा. ऋषभ पंतच्या ६४ वगळता कोणी टिकेना. मुंबईतच जन्मलेल्या एजाज पटेलने सहा बळी घेतले. डाव १२१ वर आटोपला. बारा वर्षे घरी मालिका न गमावलेला संघ ३-० असा हरला, हे जगाने पाहिले. तो मात्र शेवटपर्यंत शोधत राहिला मऊ हातांनी वळता चेंडू पायाशीच निजवणारा एखादा फलंदाज.