चार दिवस बँकॉकला जावे का?

उसाचे बिल हाती आले की घरात सहलीची गोष्ट निघते. पोरे बँकॉकचे नाव घेतात. वाचकहो, तिकीट काढण्याआधी थोडा विचार करा.

पहिला विचार हवामानाचा. एप्रिलात, ऐन शाळेच्या सुट्टीत, तिथे अंगाची लाही होते. मेपासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. तेव्हा दिवाळी उशिरा येईल त्या वर्षी सुट्टीचे शेवटचे दिवस साधावेत.

राजधानी तिथे 1782 साली वसली. राजवाडा आणि वाट फो मंदिरातला 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, दोन्ही चाओ फ्राया नदीकाठी जवळजवळ आहेत. समोरच्या तीरावर वाट अरुण. नावेने फिरलात तर रस्त्यावरची गर्दी टळते. खांदे-गुडघे झाकलेले असावेत. म्हाताऱ्यांना घेऊन सकाळीच निघावे. दुपारी चालणे सोसत नाही.

जेवणात मासळीचा रस भाजीतही पडतो. माळकऱ्यांनी ‘जे’ हा शब्द पाठ करावा. त्या जेवणात मांस, मासळी, अंडे नसते, कांदा-लसूणही नसतो.

शेतकऱ्याने पाहावा असा बाजार म्हणजे ऑर टॉर कॉर. शेतमाल विक्रीच्या सरकारी संस्थेचेच नाव त्याला आहे. फळांची निवड आणि मांडणी नीट पाहून या.

निवांतपणा हवा असेल तर हे शहर तुमचे नव्हे. नदी, मंदिरे, बाजार पाहायचे तर चार दिवस पुरतात. मात्र पीककर्जाच्या पैशाला हात लावू नका. बँकॉक कुठे पळून जात नाही. पेरणीची वेळ मात्र थांबत नाही.