शाळेतले बिऱ्हाड

अमेरिकेहून परतलेला माणूस नायगाराचे वर्णन करणारच, हे वाचकांनी आता गृहीत धरलेले असते. मीही तो धबधबा पाहिला. पण त्याबद्दल नवे सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. सांगायचे आहे ते आयोवा राज्यातल्या एका लहानशा गावातील शाळेबद्दल. गावाचे नाव मुद्दामच देत नाही. एवढ्याशा वस्तीत जुनी शाळा एकच असायची, आणि तिथली माणसे लगेच ओळखू येतील.

माझा भाचा डे मॉइनला, म्हणजे आयोवाच्या राजधानीत, विमा कंपनीत नोकरीला आहे. 2025 च्या जूनमध्ये आम्ही तिथून मोटारीने निघालो. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, मध्येच धान्याचे एखादे उंच कोठार, की पुन्हा मका. दोन तासांनी ती लाल विटांची दुमजली इमारत दिसली. दारावर शाळेचे नाव दगडात कोरलेले, आणि दाराशेजारी चोवीस बिऱ्हाडांच्या टपालपेट्या!

मुले कमी झाली, शेजारच्या गावांच्या शाळा एकत्र झाल्या आणि इमारत ओस पडली. 1999 साली तिची घरे झाली. पैसा कुठून आला, हे भाच्याने मला तीनदा समजावले. 1986 च्या करकायद्यात अमेरिकन सरकारने एक युक्ती काढली. ही घरे सरकार स्वतः बांधत नाही. ते प्रत्येक राज्याला करसवलतीचा वाटा देते. राज्य तो निवडक बिल्डरांना देते. बिल्डर ती सवलत बहुधा एखाद्या मोठ्या बँकेच्या गळ्यात घालतो आणि त्या पैशातून बांधकाम करतो. बँकेचा कर पुढली दहा वर्षे तेवढा कमी होतो. बदल्यात भाडे मर्यादेत ठेवायचे आणि भाडेकरू ठरावीक उत्पन्नाच्या आतलेच घ्यायचे. आपल्याकडे म्हाडाच्या सोडतीत नाव लागले की घर आपले होते. इथे स्वस्त असते ते भाडे.

"म्हणजे मामा, या गावातल्या म्हाताऱ्यांच्या घरांनी कुठल्या तरी दूरच्या बँकेचा कर वाचवला," भाचा म्हणाला. "आणि बँकेला हे गाव नकाशावरही सापडायचं नाही!"

आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्या बाई एक्क्याऐंशी वर्षांच्या. राहतात चौथीच्या वर्गात; लहानपणी त्याच वर्गात बसत. भिंतीवरचा फळा तसाच ठेवला आहे, आणि त्यावर वाणसामानाची यादी! उंच खिडक्यांतून उजेड असा येतो, की आमच्या कॉलेजातल्या कुठल्याही वर्गाने हेवा करावा. शेतावरचे घर सोडल्यापासून बर्फ उपसणे संपले, हे त्यांनी दोनदा सांगितले.

मात्र पती वारल्यावर घरात येणारे एक निवृत्तिवेतन बंद झाले, तरी भाडे एका डॉलरनेही उतरले नाही. या योजनेत भाड्याची कमाल मर्यादा त्या भागातल्या उत्पन्नावरून ठरते, भाडेकरूच्या खिशावरून नव्हे. गरिबांसाठीच्या कायद्यात ही खोच असावी, याचे मला नवल वाटले. आणखी एक गंमत ऐका. ज्या घरातले सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी आहेत, त्यांना काही अपवाद सोडले तर इथे जागा मिळत नाही. शाळा आहे, विद्यार्थी तेवढे वर्ज्य!

खरी काळजी निराळीच आहे. स्वस्त भाड्याचा करार तीस वर्षांचा, म्हणजे 2029 पर्यंतचा. पुढे मालकाने भाडे वाढवावे, नाहीतर इमारत विकावी. मला वाटते, अशा गावात भाडेवाढीपेक्षा भीती आहे ती छपराची आणि बॉयलरची. ते बदलायला पुन्हा मोठी रक्कम लागेल, आणि राज्याकडे सवलत मागणाऱ्यांची रांग कायमच लांब.

"तेव्हा मी पंच्याऐंशीची असेन," बाई म्हणाल्या, आणि आम्हाला बाहेर घेऊन गेल्या. खिडकीखाली त्यांनी मागच्या शरदात पिओनीची रोपे लावली आहेत. पाने आली होती, कळी एकही नव्हती. नीट फुलायला तीन वर्षे लागतात म्हणे.