सोंगणी आणि सेमिस्टर

आमच्या राजूर गावात पहिल्या सेमिस्टरचे पेपर जवळ येतात तेव्हा खाचरांत भात सोंगणीला आलेलं असतं. घरची पोरगी अभ्यास आहे म्हणून विळा बाजूला ठेवू शकत नाही. त्यामुळे पहाट माझी आणि दिवस शेताचा, अशी वाटणी मी आईशी बोलून ठरवून घेतली.

२०१९ मध्ये मी बी.ए.ला प्रवेश घेतला. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा नवा पॅटर्न लागू झाला. प्रत्येक पेपरात ७० गुण विद्यापीठाच्या लेखी परीक्षेला आणि ३० अंतर्गत मूल्यमापनाला. बारावीपर्यंत सगळे विषय एकाच रीतीने पाठ व्हायचे. इथे प्रत्येक परीक्षेची मागणी निराळी होती.

दीर्घोत्तरी प्रश्नासाठी आमचे सर सांगत, ‘‘आधी प्रश्न वाच, मग उत्तर आठव.’’ ‘चर्चा करा’ म्हटलं की दोन्ही बाजू हव्यात, ‘कारणे स्पष्ट करा’ म्हटलं की कारणांचा एकमेकांशी संबंध दाखवायला हवा. मी पुस्तक मिटून, घड्याळ लावून उत्तरं लिहायची. टिपांसाठी प्रत्येक विषयाचे मोजके मुद्दे आणि एक उदाहरण एवढंच वहीत ठेवायची.

कोरोनाच्या काळात बहुपर्यायी प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा आली. रेंजसाठी टेकाडावर जाऊन बसावं लागे. या परीक्षेला मुद्द्यांचा सांगाडा पुरत नाही, बारकावे लागतात. मग मैत्रिणी मिळून आम्ही स्वतःच प्रश्न काढू लागलो. चुकीचे तीन पर्याय तयार करताना धडा जितका कळायचा, तितका नुसत्या वाचनाने कधी कळला नाही.

भूगोलाच्या प्रात्यक्षिकात हाताची सवय लागते. स्थलदर्शक नकाशावर समोच्च रेषा दाटीने आल्या की चढ तीव्र, हे वाक्य पुस्तकात होतं. पण १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई शिखर लहानपणापासून पाहत आलेल्या आम्हाला त्या रेषा पायांनी ओळखता येत होत्या. तोंडी परीक्षेत याच ओळखीचा आधार वाटला.

सर्वांत जास्त शिकवलं ते लेखी प्रकल्पाने. जुन्या फायली उतरवून देण्याची वाट सोपी होती. मी विषय घेतला भंडारदऱ्याच्या पाण्याचा. १९२६ मध्ये पूर्ण झालेलं हे धरण प्रवरेवर, आमच्या उशाला. त्याचं पाणी कालव्यांनी खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडे उसाला जातं. पावसाळ्यात आमच्याकडे पाऊस धो धो कोसळतो, आणि उन्हाळ्यात वरच्या वाड्यांतल्या बाया हंडे घेऊन झऱ्यावर रांग लावतात. असं का होतं, हे मी म्हाताऱ्या माणसांना विचारलं, नकाशावर उतार तपासले, कालव्यांची माहिती वाचली आणि माझ्या शब्दांत लिहिलं. संदर्भ कुठे द्यायचा, ऐकलेलं आणि तपासलेलं वेगळं कसं ठेवायचं, हे त्या लिखाणात शिकले.

आता गावातल्या पोरी पेपरच्या आधी माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना हा क्रम सांगते: सेमिस्टर सुरू होताच प्रकल्पाला हात घाला, मग टिपा काढा, शेवटी वेळ लावून उत्तरं लिहा. आपल्या गावाबद्दलचा एक प्रश्न ज्या पोरीने स्वतः शोधून, तपासून लिहिला आहे, तिला परक्या प्रश्नपत्रिकेसमोर बसायचं बळ येतं. हे बळ राजूरच्या प्रत्येक पोरीला मिळायला हवं.