सुट्टीची वाट पाहू नका

"इंडियात गेलो की दाखवू!" आखातातल्या मराठी माणसाचे हे ठरलेले वाक्य. दात, गुडघे, चष्मा, सगळे वार्षिक सुट्टीच्या यादीत. त्यातून आमचे ताइफ पडले डोंगरावरचे, थंड हवेचे. इथे प्रकृतीची तक्रार कमी आणि यादी मात्र लांब!

गेल्या वर्षीच्या हेल्थ चेकअपमध्ये माझी शौचाच्या नमुन्याची 'फिट' टेस्ट झाली. वय ४६, त्रास काहीच नाही. तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह! म्हणजे डोळ्यांना न दिसणारे रक्त सापडले. मित्रमंडळींचे सल्ले सुरू झाले. "मूळव्याध असेल." "टेस्ट पुन्हा कर." "सुट्टीत जाणारच आहेस ना?"

डॉक्टरांनी नीट समजावले. पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोगच असे नव्हे. बहुतेकांना तो नसतोच. पण खात्री होते ती कोलोनोस्कोपीने. आतड्यातली गाठ रोज रक्त सोडत नाही, त्यामुळे दुसरी टेस्ट निगेटिव्ह आली तरी पहिली रद्द होत नाही.

स्वभावाप्रमाणे मी आकडे शोधले. कॅलिफोर्नियात फिट पॉझिटिव्ह आलेल्या सुमारे ७०,००० लोकांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या महिन्यात कोलोनोस्कोपी करणाऱ्यांच्या तुलनेत, दहा महिने किंवा अधिक थांबलेल्यांत कर्करोग जास्त सापडला, तोही पुढच्या टप्प्यातला. आता आपला हिशेब करा. सुट्टी मिळते वर्षातून एकदा. प्रोजेक्ट अडला की तीही पुढे. दहा महिने कधी उलटतात, कळतही नाही!

तेव्हा इथेच इन्शुरन्सची मंजुरी घेतली आणि तीन आठवड्यांत तपासणी उरकली. खरा त्रास आदल्या दिवशीचा, पोट साफ करणारे औषध पिण्याचा. तपासणीत गुंगी असल्याने काही कळले नाही. परतताना गाडी सौ.ने चालवली. दोन लहान गाठी निघाल्या. त्या तिथल्या तिथे काढल्या. कर्करोग नव्हता, पण अशा गाठींतूनच काही वर्षांनी तो होऊ शकतो.

सौदी पुरुषांत हा कर्करोग सर्वाधिक आढळतो. आपण शाकाहारी आहोत, रोज चालतो, म्हणून सुटलो असे नाही. तेव्हा मंडळी, पंचेचाळिशी ओलांडली असेल तर टेस्ट जरूर करा. आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर विमानाच्या तिकिटाआधी कोलोनोस्कोपीची तारीख घ्या. तहान लागल्यावर विहीर खणण्यात शहाणपण नाही. सुट्टीत घरी जायचे ते आंबे खायला!