दोन वाटा, एकच चर

बेळगावहून गोव्यात उतरायला मुख्य घाट तीन: चोर्ला, अनमोड आणि आंबोली. माझे माहेर म्हापशाचे, त्यामुळे तिन्ही घाटांची वळणे मला पाठ आहेत. पावसाळ्यात एखाद्या घाटात दरड कोसळली, तरी आमच्याकडचे भाजीवाले हातावर हात ठेवून बसत नाहीत. माल दुसऱ्या घाटाने उतरतो. भोपळा कुठल्या वाटेने आला, हे म्हापशाच्या बाजारात कोणी विचारत नाही.

इंटरनेटच्या मुळाशी हाच विचार आहे. संदेशाचे तुकडे करून ते अनेक गाठींच्या जाळ्यात सोडावेत, एक गाठ तुटली तर ते दुसरीकडून वाट काढतील, असे अमेरिकेत पॉल बॅरन यांनी १९६४ साली मांडले. पुढे रूढ झालेल्या टीसीपी पद्धतीत मात्र प्रत्येक जोडणी दोन ठरावीक पत्त्यांना बांधली गेली. वायफाय सोडून मोबाइलच्या जाळ्यावर गेलात की पत्ता बदलतो आणि जोडणी तुटते. त्यावरचा उपाय, ‘मल्टिपाथ टीसीपी’, २०१३ साली प्रसिद्ध झाला. एकाच जोडणीच्या दोन धारा दोन वाटांनी वाहतात. तुकड्यांवर क्रमांक असतात, त्यांवरून पलीकडे त्यांची पुन्हा जुळणी होते. ॲपलने त्याच वर्षी ‘सिरी’साठी ही पद्धत वापरली.

पण कोणता माल कुठल्या वाटेने धाडायचा, हे कोणी ठरवायचे? माझा मुलगा बंगळुरात हेच काम करतो. तो म्हणाला, “आई, पूर्वी प्रत्येक राउटर आपापल्या पुरते ठरवायचा. आता एक नियंत्रक सगळा नकाशा समोर ठेवून वाटा वाटून देतो.” गूगलने आपली डेटा सेंटरे अशा रीतीने जोडल्याचे २०१२ मध्ये जाहीर केले. एरवी अशा दूरच्या तारा तीस-चाळीस टक्केच भरलेल्या ठेवतात. त्यांनी सरासरी सत्तर टक्क्यांपर्यंत वापरल्या.

हे ऐकून मी निर्धास्त झाले होते. दोन वर्षांपूर्वी जुलैत म्हापशाला आईला धाप लागली. डॉक्टर तिला मोबाइलच्या पडद्यावर पाहत होते, इकडून मीही जोडलेली होते. भावाने मुद्दाम दोन कंपन्यांची सोय केली होती, एकीची तार आणि दुसरीचा मोबाइल. बोलता बोलता दोन्ही एकदम गेले. रस्ता खणताना दोघींच्याही तारा तुटल्या, कारण त्या एकाच चरातून नेलेल्या होत्या. मोबाइलचा मनोराही शेवटी तारेनेच जोडलेला असतो ना! भावाने शेजाऱ्यांच्या गाडीतून आईला इस्पितळात नेले. ती वाचली. पण तो अर्धा तास मी कसा काढला, ते माझे मला ठाऊक.

हे काही आमच्याच घराचे दुर्दैव नव्हे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन वेगवेगळ्या केबल्स तुटल्या आणि भारतातले इंटरनेट रखडले. कागदावर वाटा दोन, पण संकट एकच.

नियंत्रक कितीही हुशार असला, तरी हाती दिलेल्या नकाशावरच तो वाट निवडणार. नकाशात दोन रेघा आणि जमिनीत एक चर, तर त्याची हुशारी काय कामाची? म्हणून वाचकहो, घरात दुसरी जोडणी घेताना दर विचारा, वेग विचारा. आणि तार कुठल्या रस्त्याने येते, हेही विचारा.