ट्रेलरपाशी मलिदा

सुक्कोथ संपला आणि पुढच्या शब्बाथला आम्ही दिमोनाहून भाड्याचा ट्रेलर जोडून किन्नेरेथच्या काठी गेलो. सोमवारी मुलगा सैन्यात जायचा होता. लहानपणी तो तापाने फणफणला तेव्हा आईंनी एलियाहू हन्नाबीला बोललेला मलिद्याचा नवस अजून राहिलाच होता. आई म्हणत घरी करू. नातवाला तळं हवं होतं.

शुक्रवारी पोहोचेपर्यंत सूर्य डोंगराला टेकत आला. घाईने दिवे लावले, काळ्या मनुकांच्या शरबतावर किद्दुश केला, घरचे तळलेले मासे थंडच खाल्ले.

शनिवारी तीन तारे दिसल्यावर चहा ठेवायला गेलो, तर सिलिंडर रिकामा! (ट्रेलरवाल्याने भरलेला म्हणून दिला होता.) पण मलिद्याला चूल कुठे लागते? पोहे भिजवले, नारळ ट्रेलरच्या हुकावर फोडला. विळी आईंनी आठवणीने घेतलीच होती. साखर, खजूर, केळी, डाळिंब, सफरचंद, पेरू.

"आई, असं उघड्यावर चालेल ना?"

"अरे, खंडाळ्याला टाप्यापाशी उघड्यावरच करायचो आम्ही. अलिबागहून बैलगाडीने जायचो."

बराखा झाल्यावर पहिला घास त्यांनी नातवाच्या हातावर ठेवला. त्याने आणखी दोन वाट्या मागून घेतल्या. चहाची आठवण कुणालाच राहिली नाही.